ताऱ्याच्या उजेडात पृथ्वीचा शोध

सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे, वस्तुमान ३ लाख ३३ हजार पट आहे, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे एक हजार कोटी पट तेजस्वी आहे. परक्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढा ग्रह शोधू पाहणाऱ्यांची सारी अडचण या तीन आकड्यांत येते. ग्रह दिसत नाही, तारा दिसतो. म्हणून आजवर सापडलेले जवळजवळ सगळे बाह्यग्रह, म्हणजे सूर्यमालेबाहेरचे ग्रह, ताऱ्याकडे पाहूनच सापडले आहेत. तारा किंचित हलतो का, ठरावीक दिवसांनी किंचित मंदावतो का, यावर डोळा ठेवायचा आणि त्या खुणेवरून न दिसणाऱ्या सोबत्याचा हिशोब मांडायचा, अशी ही रीत आहे. या हिशोबात ताऱ्याविषयी जेवढे अज्ञान उरते, तेवढाच ग्रहही धूसर राहतो.

‘पृथ्वीसारखा’ हे विशेषण वर्तमानपत्रांत फार सहज लावले जाते. नीट अर्थ घेतला तर त्यात किमान चार गोष्टी येतात. ग्रह खडकाळ हवा, म्हणजे त्याचा आकार आणि वस्तुमान दोन्ही ठाऊक हवे, कारण त्यांवरूनच घनता कळते. तो ताऱ्यापासून अशा अंतरावर हवा की पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. या अंतराला जीवनयोग्य पट्टा म्हणतात. त्याला वातावरण हवे. आणि त्याचा तारा निदान काही अब्ज वर्षे शांतपणे तेवत राहणारा हवा. यांतली एकच अट अपुरी राहिली तर काय होते, हे शुक्र दाखवतो. शुक्राचा व्यास पृथ्वीच्या ९५ टक्के आणि वस्तुमान ८१ टक्के आहे. दुरून मोजणाऱ्याला तो पृथ्वीचा जुळा भाऊच वाटेल. पण त्याच्या पृष्ठभागावर तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या पुढे आहे.

या शोधाच्या जुन्या इतिहासात एक पान भारतातले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अभियंता विल्यम स्टीफन जेकब याने १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली होती. पुढे १८४८ मध्ये तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० ऑफियुकी या जोडताऱ्यांचे वेध घेताना त्यांच्या भ्रमणात त्याला विसंगती आढळली, आणि तिथे एखादा ग्रह असण्याचा मोठा संभव आहे असे त्याने १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. तो दावा पुढे टिकला नाही. पुण्याजवळच्या डोंगरावर नवी वेधशाळा उभारण्यासाठी जेकब इंग्लंडहून परत आला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये पुण्यातच वारला. त्याचा निष्कर्ष चुकला, पण ताऱ्याच्या गतीतल्या विसंगतीवरून ग्रह ओळखायचा हा त्याचा विचार बरोबर होता. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हान दे कँप यांनी बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले. त्यांना दिसलेली ताऱ्याची हालचाल दुर्बिणीच्या भिंगाची साफसफाई आणि जुळवणी झाली त्या त्या वेळी उद्भवलेली होती, असे नंतर उघड झाले.

सूर्यमालेबाहेरचे पहिले निर्विवाद ग्रह सापडले ते अगदी अनपेक्षित जागी. १९९२ मध्ये अलेक्झांडर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांनी अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने कन्या राशीतल्या एका स्पंदकाचे, म्हणजे मृत ताऱ्याच्या वेगाने फिरणाऱ्या गाभ्याचे, ठोके मोजले. ते किंचित मागेपुढे होत होते, आणि त्यावरून तिथे ग्रह असल्याचे सिद्ध झाले. स्पंदकाच्या घातक प्रारणात न्हाणारे ते ग्रह पृथ्वीसारखे असण्याचा प्रश्नच नव्हता. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये मिळाला. स्वित्झर्लंडचे मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून महाश्व तारकासमूहातल्या ५१ पेगासी या सुमारे ५० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याचे वेध घेतले होते. (पूर्वा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्याजवळ, किंचित पश्चिमेला, हा तारा आहे, खरोखर काळोख्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.) तिथला ग्रह गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा होता आणि ताऱ्याभोवती अवघ्या ४.२ दिवसांत फेरी पुरी करत होता. गुरूसारखा वायूचा गोळा ताऱ्याच्या इतका निकट असू शकेल, असे तोवर जवळजवळ कोणी मानत नव्हते. या शोधासाठी दोघांना २०१९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल जेम्स पीबल्स यांच्यासह मिळाले.

मेयर आणि केलोझ यांनी वापरलेली पद्धत ताऱ्याचा वेग मोजण्याची आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो. वास्तविक दोघेही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. तारा जड असल्याने त्याचे वर्तुळ लहानसे असते. या छोट्या फेरीत तारा आळीपाळीने आपल्याकडे येतो आणि आपल्यापासून दूर जातो. जवळ येताना त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला. रेषांची ही ये-जा किती दिवसांनी पुन्हा तशीच होते त्यावरून ग्रहाचे वर्ष कळते, आणि ती किती मोठी आहे त्यावरून ग्रहाच्या वस्तुमानाची खालची मर्यादा मिळते. नेमके वस्तुमान मिळत नाही, कारण ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे हे या पद्धतीत कळत नाही.

५१ पेगासीला त्याचा ग्रह सेकंदाला ५० मीटरहून अधिक वेगाने हलवतो. गुरू सूर्याला सेकंदाला सुमारे १२.५ मीटर वेगाने हलवतो. पृथ्वीच्या ओढीने सूर्याला मिळणारा वेग मात्र सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटर आहे, म्हणजे तासाला सव्वातीनशे मीटर. चिलीमधल्या ला सिया वेधशाळेत २००३ पासून काम करणारा ‘हार्प्स’ हा वर्णपटमापक सेकंदाला एका मीटरपर्यंतचा फरक ओळखतो. एवढ्या वेगाने वर्णपटातली रेषा कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढी सरकते. त्यासाठी सारे यंत्र निर्वात टाकीत ठेवावे लागते, तिथले तापमान अंशाच्या शतांशापर्यंत स्थिर राखावे लागते, आणि एका रेषेवर विसंबून न राहता हजारो रेषांची सरासरी घ्यावी लागते. चिलीतच पारानाल येथे बसवलेला ‘एस्प्रेसो’ त्याहून सूक्ष्म असून सेकंदाला १० सेंटीमीटर हे त्याचे लक्ष्य आहे.

भारतातही याच पद्धतीचे काम चालते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटरच्या दुर्बिणीला ‘पारस’ हा वर्णपटमापक जोडला. अभिजित चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखालील गटाने त्याच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूरच्या, सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचे वस्तुमान मोजले. ते पृथ्वीच्या सुमारे २७ पट भरले. आता तिथे २.५ मीटरची नवी दुर्बीण आणि ‘पारस-२’ हे यंत्र कामाला लागले आहे. वेगमापनाचे हे काम जगात मोजक्याच देशांना साधले आहे, त्यामुळे या यशाचे मोल मोठे आहे.

दुसरी पद्धत अधिक्रमणाची. ८ जून २००४ रोजी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना भारतातून अनेकांनी पाहिला. परक्या ताऱ्याच्या बाबतीत तो ठिपका दिसत नाही. ग्रह समोरून जात असताना ताऱ्याचा उजेड तेवढ्यापुरता कमी होतो, इतकेच मोजता येते. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा सुमारे एक टक्का प्रकाश अडवतो. १९९९ मध्ये डेव्हिड शार्बोनो यांनी अवघ्या १० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने एचडी २०९४५८ या ताऱ्यावर अशी घट मोजली होती. त्याच सुमारास ग्रेग हेन्री यांच्या स्वयंचलित दुर्बिणीनेही ती टिपली. पृथ्वीएवढा ग्रह मात्र प्रकाशाचा फक्त बारा हजारावा भाग, म्हणजे ०.००८४ टक्के, अडवतो. तेही वर्षातून एकदा, फार तर तेरा तास. शिवाय कक्षेची पातळी नेमकी आपल्या दृष्टिरेषेत असली तरच हे घडते. सूर्य-पृथ्वी एवढ्या अंतरासाठी ही शक्यता सुमारे २१५ मध्ये एक.

‘नासा’चे शास्त्रज्ञ विल्यम बोरुकी यांनी हे सगळे आकडे समोर ठेवूनच अधिक्रमणातून पृथ्वीएवढे ग्रह शोधण्याची आपली योजना आखली होती. एका ताऱ्याकडे पाहून भागणार नसेल तर लाखभर ताऱ्यांकडे एकाच वेळी पाहायचे, आणि वातावरणाची थरथर टाळण्यासाठी अवकाशातून पाहायचे. १९९२, १९९४, १९९६ आणि १९९८ असा चार वेळा ‘नासा’ने त्यांचा प्रस्ताव परत पाठवला. इतका सूक्ष्म फरक कॅमेऱ्याला कळेल का, इतके तारे एकदम मोजता येतील का, अशा शंका निघत. दर वेळी बोरुकी आणि त्यांचे सहकारी प्रयोगशाळेत त्या शंकेचे उत्तर तयार करून परत जात. २००१ च्या अखेरीस प्रस्ताव मंजूर झाला आणि मार्च २००९ मध्ये ‘केप्लर’ दुर्बीण अवकाशात गेली. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या दिशेने आकाशाच्या एकाच तुकड्यावर नजर रोखून तिने सुमारे दीड लाख ताऱ्यांचा उजेड दर अर्ध्या तासाला नोंदवला. त्या प्रत्येक ताऱ्याला हुबेहूब पृथ्वी असती, तरी वरच्या हिशोबाने जेमतेम सातशेच ग्रह अधिक्रमण करताना दिसले असते.

उजेड कमी झाला की ग्रह सापडला, असेही नाही. दूर पार्श्वभूमीवर एकमेकांना झाकणारे जोडतारे असले आणि त्यांचा प्रकाश आपल्या ताऱ्याच्या प्रकाशात मिसळला, तर नेमकी तशीच घट दिसते. म्हणून किमान तीन अधिक्रमणे सारख्या अंतराने दिसावी लागतात. पृथ्वीसारख्या कक्षेसाठी याचा अर्थ तीन वर्षे. मग जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींतून त्या ताऱ्याचे बारकाईने छायाचित्रण, वर्णपट, आणि जमल्यास वेगमापन. अधिक्रमणातून आकार आणि वेगमापनातून वस्तुमान मिळाले, की घनता निघते आणि ग्रह खडकाचा की वायूचा हे कळते. दोन्ही पद्धतींची जोड हवी ती यासाठी.

केप्लरची मुदत साडेतीन वर्षांची होती आणि तेवढी पुरेल असा अंदाज होता. तो अंदाज सूर्यावरून बांधलेला होता. निरीक्षणे सुरू झाल्यावर लक्षात आले की सूर्यासारखे समजलेले बहुतेक तारे सूर्यापेक्षा जास्त चंचल आहेत. त्यांच्या पृष्ठभागाच्या उकळण्यामुळे आणि डागांमुळे उजेड अपेक्षेपेक्षा दीडपट अधिक हेलकावे खात होता. पृथ्वीएवढी लहान घट त्यातून वेगळी काढायला आणखी काही वर्षे हवी होती. मुदतवाढ मिळाली, पण मे २०१३ मध्ये दुर्बीण स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दुसरेही चाक निकामी झाले आणि एकाच दिशेने अढळ नजर ठेवणे संपले. अभियंत्यांनी सूर्यप्रकाशाच्या दाबाचा आधार घेऊन तिला २०१८ पर्यंत वेगळ्या मोहिमेवर चालवले. एकूण २,६०० हून अधिक ग्रह तिच्या नावावर आहेत. मूळ उद्दिष्ट, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षभराच्या कक्षेत फिरणारी पृथ्वी, मात्र तिच्या हातून थोडक्यात निसटले.

त्याच्या जवळ जाणारे काही ग्रह तिने दिले. २०१५ मध्ये जाहीर झालेला केप्लर-४५२ बी आपल्या ताऱ्याभोवती ३८५ दिवसांत फिरतो. पण त्याचा आकार तेव्हाच पृथ्वीच्या १.६ पट धरला होता आणि त्याचे वस्तुमान कोणी मोजू शकलेले नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अधिक्रमणातून ग्रहाची त्रिज्या थेट कळत नाही, ताऱ्याच्या त्रिज्येशी तिचे प्रमाण कळते. तारा मानला त्यापेक्षा मोठा निघाला, तर ग्रहही आपोआप मोठा होतो. युरोपच्या ‘गाया’ दुर्बिणीने कोट्यवधी ताऱ्यांची अंतरे अचूक मोजल्यावर नेमके हेच झाले. केप्लर-४५२ बी आणि केप्लर-१८६ एफ हे ग्रह पृथ्वीएवढे असण्याची शक्यता २०१८ मध्ये कमी करावी लागली. ग्रहांविषयी नवे काहीही मोजले गेले नव्हते. मोजले गेले होते तारे.

केप्लरच्या आकडेवारीवरून २०२० मध्ये मांडलेल्या एका अंदाजानुसार सूर्यासारख्या सुमारे निम्म्या ताऱ्यांच्या जीवनयोग्य पट्ट्यात खडकाळ ग्रह असू शकतो. हा आकडा उत्साहवर्धक आहे. मात्र तो जवळच्या कक्षांतल्या ग्रहांवरून दूरच्या कक्षांबद्दल बांधलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

सूर्यासारखे तारे अवघड ठरल्यावर बऱ्याच संशोधकांनी लाल बटू ताऱ्यांकडे मोर्चा वळवला. आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन तारे या जातीचे आहेत. ते लहान आणि मंद असतात, म्हणून त्यांचा जीवनयोग्य पट्टा ताऱ्याच्या अगदी लगत असतो, ग्रहाचे वर्ष काही दिवसांचे असते आणि उजेडातली घटही ठळक दिसते. सूर्याला सर्वांत जवळच्या, ४.२ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्सिमा सेंटॉरी ताऱ्याभोवती ११.२ दिवसांत फिरणारा ग्रह २०१६ मध्ये हार्प्सने शोधला. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या किंचित वर असावे. २०१७ मध्ये मिखाएल गिलाँ यांच्या गटाने कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या जवळपास आकाराचे सात ग्रह असल्याचे जाहीर केले. सातही कक्षा बुधाच्या कक्षेत सहज मावतात. हे ग्रह एकमेकांना ओढत असल्याने त्यांची अधिक्रमणे काही मिनिटे लवकर किंवा उशिरा होतात, आणि त्या फरकावरून सातांचीही वस्तुमाने काढता आली आहेत. पृथ्वीएवढ्या ग्रहांविषयी इतकी पक्की माहिती दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याभोवती मिळालेली नाही.

लाल बटूंची सोय आहे तशी अडचणही आहे. हे तारे तरुणपणी प्रखर ज्वाला फेकतात, त्यात जवळच्या ग्रहाचे वातावरण उडून जाऊ शकते. ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याचाही संभव असतो. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘जेम्स वेब’ दुर्बिणीने ट्रॅपिस्ट-१ चा सर्वांत आतला ग्रह तपासला, तेव्हा त्याच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे २३० अंश सेल्सिअस भरले. उष्णता वाहून नेणारे दाट वातावरण तिथे नाही, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या ग्रहावरही दाट वातावरणाची चिन्हे दिसली नाहीत. पाणी असण्याची खरी आशा बाहेरच्या ग्रहांवर आहे. पण तिथे ताऱ्यावरचे डाग ग्रहाच्या वर्णपटात आपली भेसळ करतात.

वातावरण तपासण्याची युक्ती अधिक्रमणातच दडलेली आहे. ग्रह ताऱ्यासमोर असताना ताऱ्याचे थोडे किरण ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतात आणि तिथल्या वायूंची छाप घेऊन येतात. २००२ मध्ये हबल दुर्बिणीने अशा रीतीने प्रथमच एका बाह्यग्रहावर सोडियम ओळखले. जीवसृष्टीची खूण म्हणून ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र सापडावेत अशी अपेक्षा असते, कारण हे दोन वायू एकमेकांना संपवतात आणि दोन्ही टिकायचे तर कोणीतरी ते सतत पुरवावे लागतात. ही कसोटी पृथ्वीवरच पारखून झालेली आहे: डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेलेल्या ‘गॅलिलिओ’ यानाच्या नोंदींत कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांना हे दोन्ही वायू स्पष्ट दिसले होते.

परक्या ग्रहाबाबत मात्र घाई महागात पडते. सिंह राशीत १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८ बी या ग्रहावर जेम्स वेबने मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवल्याचे भारतात शिकलेले आणि आता केंब्रिजमध्ये काम करणारे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२३ मध्ये सांगितले. पृथ्वीवर सागरी जीवांपासून निघणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड या वायूचीही चिन्हे असल्याचे त्यांनी २०२५ मध्ये मांडले, पण तीच निरीक्षणे स्वतंत्रपणे तपासणाऱ्या इतर गटांना पुरावा अपुरा वाटला. शिवाय पृथ्वीच्या ८ पटींहून अधिक वस्तुमानाचा हा ग्रह पृथ्वीसारखा म्हणवत नाही. २०१२ मध्ये अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती जाहीर झालेला ग्रहही तीन वर्षांनी निरीक्षणांच्या वेळापत्रकातून उपजलेला भास ठरला होता.

आणखी दोन मार्ग आहेत. एखादा तारा दूरच्या दुसऱ्या ताऱ्यासमोरून जाताना त्याचे गुरुत्व भिंगासारखे काम करते आणि मागच्या ताऱ्याचा उजेड वाढतो. पुढच्या ताऱ्याला ग्रह असला तर त्या वाढीत छोटा उंचवटा दिसतो. या मार्गाने २००५ मध्ये पृथ्वीच्या साडेपाच पट वस्तुमानाचा ग्रह मिळाला, पण असा योग परत येत नाही. दुसरा मार्ग थेट छायाचित्राचा. ताऱ्याचा उजेड झाकून २००८ मध्ये एचआर ८७९९ भोवतीचे तीन राक्षसी, अजून तापलेले ग्रह टिपले गेले. पृथ्वीचे असे चित्र घेण्यासाठी सुमारे सहा मीटर आरशाची अवकाश दुर्बीण बांधावी आणि निदान पंचवीस जीवनयोग्य ग्रह तपासावेत, अशी शिफारस अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांच्या २०२१ च्या आराखड्यात आहे.

त्याआधीचे काम ताऱ्यांना समजून घेण्याचे आहे आणि ते जोरात चालू आहे. युरोपीय अवकाश संस्थेची ‘प्लेटो’ मोहीम २६ कॅमेऱ्यांनी तेजस्वी ताऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी आखलेली आहे. ती ग्रहांबरोबरच ताऱ्यांची अंतर्गत कंपने मोजून त्यांची त्रिज्या आणि वय ठरवणार आहे. कॅनरी बेटांवरच्या ला पाल्मा वेधशाळेत एक लहानशी दुर्बीण २०१५ पासून दिवसा सूर्याचाच प्रकाश वर्णपटमापकात सोडते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या उकळण्यातून शुक्राची ओढ वेगळी काढता आली, तर परक्या ताऱ्यांवरही तीच रीत चालेल, असा त्यामागचा विचार आहे. त्याच बेटावरच्या आयझॅक न्यूटन दुर्बिणीवर ‘हार्प्स-३’ हा वर्णपटमापक बसवून सूर्यासारखे सुमारे चाळीस तारे दहा वर्षे शक्य त्या प्रत्येक रात्री पाहण्याची योजना आहे. दहा वर्षांत पृथ्वीसारख्या ग्रहाच्या दहाच फेऱ्या होतात, आणि सेकंदाला ९ सेंटीमीटरची ओढ खरी की ताऱ्याची चुळबुळ, हे ठरवायला तेवढ्या फेऱ्या लागतात.